शब्द तेवढे राहिले

बाबांना झटका आला तेव्हा ते अंगणातल्या लिंबोणीला पाणी घालत होते. पाइप त्यांच्या डाव्या हातातून सुटला आणि ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "अहो, पाणी वाया जातंय!" ते वळले, तेव्हा त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या जीपमध्ये घातलं आणि श्रीगोंद्याहून थेट नगरला आणलं. मी नगरलाच राहते, एका कार्यालयात नोकरी करते. त्यामुळे जीप आली तेव्हा दवाखान्याच्या दारात मी उभीच होते.

"बाबा, मी आलेय."

"दिसतंय," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर मला रडू कोसळलं. बोलता येतंय, ओळखतायत, याचाच आनंद. तो शब्द कसा उच्चारला गेला होता, याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. डॉक्टरही दुसऱ्या दिवशी म्हणाले, की गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला अडकली, डाव्या बाजूला अडकली असती तर वाचा गेली असती. मग काय, भेटायला येणारा प्रत्येकजण तेच म्हणायचा. हातापायाचं होईल हळूहळू, बोलणं शाबूत आहे ना, मग झालं तर.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी घरी गाणं. आमचं घर गावाबाहेर, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मागे ऊस, शेजारी एका शेतकरी कुटुंबाची लिंबांची बाग. हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी राख येऊन बसते आणि आई दोरीवरचे कपडे झटकत कारखान्याला बोल लावते. अशा घरात बाबा तंबोरा लावून बसायचे. दारावरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या तरी त्यांचं ध्यान हलत नसे.

मी प्राथमिक शाळेत असताना एकदा त्यांनी मला तंबोऱ्याला कान लावून बसवलं होतं.

"तारा किती?"

"चार."

"पंचम, मधले दोन षड्ज, आणि हा खालचा खर्ज. आता सांग, यात गंधार कुठे आहे?"

"नाहीचे."

"डोळे मीट आणि ऐक."

मी बराच वेळ ऐकत राहिले. काही नव्हतं. मग कधीतरी, तारांच्या त्या गुंजारवाच्या वर, अगदी लांबून आल्यासारखा एक बारीक गंधार ऐकू आला. मी डोळे उघडले. बाबा हसत होते.

"हा कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"कुणीच नाही. तार छेडली की तिच्यातून एकच सूर निघत नाही. मुख्य सुराच्या अंगावर बारीक बारीक उपस्वर असतात. ते एरवी वेगळे कळत नाहीत. पण ते काढून घेतले ना, तर तंबोरा कुठला आणि पेटी कुठली हे तुला ओळखता यायचं नाही. सगळे आवाज सारखेच."

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "चहा झालाय. हवा असला तर घ्या."

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "ऐकलंस? यातही गंधार आहे. सकाळी मी बाजारातून कोथिंबीर आणायची विसरलो."

आईचं सगळं बोलणंच असं होतं. ती कधी 'मला राग आलाय' म्हणाली नाही, 'मला तुमची काळजी वाटते' असंही म्हणाली नाही. तिच्या एका 'राहू द्या'मध्ये कधी 'दमला असाल, मी करते' असायचं, कधी 'तुमच्याच्याने काही व्हायचं नाही' असायचं, आणि कधी 'आता हात लावलात तर बघा' असायचं. बाबांना ते शब्द संपायच्या आत कळायचं. ते लगेच उठायचे, किंवा मुकाट्याने बसायचे, किंवा काहीतरी विनोद करून तिला हसवायचे. त्या दोघांमध्ये सरळ बोलणं असं फारसं झालंच नसावं. लागलंच नाही.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा मी रजा काढून श्रीगोंद्याला गेले. डावा पाय ओढत का होईना, चार पावलं टाकायला लागले होते. बोलत होते, पेपर वाचत होते, बातम्यांतल्या चुका काढत होते. पण आई अस्वस्थ होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ह्यांनी मनात धरलंय."

"काय?"

"पाणी वाया जातंय म्हणाले ना मी. हाताला काय झालंय ते बघितलं नाही, पाण्याचं बघितलं. ते मनात धरलंय. बघ तू, माझ्याशी कसं बोलतात."

मी लक्ष देऊन ऐकायला लागले. आणि मग मला ते ऐकू आलं. बाबा सगळ्यांशीच तसं बोलत होते. 'पाणी दे', 'बरं', 'खिडकी लाव', 'तू कधी जाणार', सगळं एकाच पट्टीत. राग नाही, लाड नाही, कंटाळा नाही. बसस्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात, त्यातसुद्धा काही चढउतार असतो. हे त्याहून सपाट होतं. ज्या माणसाने मला गाणं शिकवलं, त्याच्या आवाजात आता फक्त शब्द होते.

मला वाटलं, अशक्तपणा असेल. आणि वाटलं, गाण्याने फरक पडेल. एका रविवारी सकाळी मी कोपऱ्यातला तंबोरा काढला, त्याचा अभ्रा उतरवला, धूळ पुसली. खुंट्या सैलावल्या होत्या. मोबाईलमधला तंबोरा लावून त्याच्याशी जुळवला. पूर्वी बाबांनी हे कधी चालू दिलं नसतं. जमेल तसा लावला आणि त्यांच्या खुर्चीपाशी बसून छेडायला लागले.

"हे काय वाजतंय?" बाबा म्हणाले.

"तंबोरा, बाबा."

"तंबोरा मला माहीत आहे. हा तंबोरा नाही. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजतंय."

"लागला नसेल नीट. तुम्ही सांगा ना, कुठली तार उतरलीय?"

त्यांनी मान तिरपी करून ऐकलं. पूर्वी ऐकायचे तसंच, डोळे बारीक करून. मी थांबले होते.

"मला चारही सारख्याच वाटतात," ते म्हणाले. "बंद कर."

"बाबा, नुसता षड्ज लावून बघा. माझ्याबरोबर."

"सा," ते म्हणाले. मुळाक्षरं म्हणतात तसं. गायले नाहीत, म्हणाले. मग पेपर उचलून वाचायला लागले. आई दारात उभी होती. ती आत गेली. मी तंबोऱ्यावर परत अभ्रा चढवला.

खरं मोडलं ते त्यानंतरच्या आठवड्यात. आईचे हाल होत होते. त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, व्यायाम करून घेणं, हाताला तेल लावणं, सगळं ती एकटी करायची. मला हात लावू द्यायची नाही. दुपारी जेवताना बाबांनी भाकरी बाजूला सारली.

"कडक आहे," ते म्हणाले.

"सकाळपासून एका पायावर उभी आहे मी," आई म्हणाली. "करते तसं गोड मानून घ्या की."

"कडक आहे. गोड कशी मानायची?"

पूर्वीच्या बाबांनी हे थट्टेत म्हटलं असतं आणि आई हसली असती. पण आता ते खरोखर विचारत होते. आईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"नका खाऊ. मी मेले तरी तुम्हाला काय त्याचं!"

या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं. या वाक्यावर 'अगं, काहीतरीच काय बोलतेस' असं म्हणायचं असतं, आणि भाकरी पुढे ओढून खायची असते. आमच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. बाबांनी मात्र थोडा विचार केला.

"तू मेलीस तर स्वयंपाकाला बाई ठेवावी लागेल," ते म्हणाले. "आणि मला आंघोळ घालायला माणूस लागेल."

आईने डाव भांड्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि उठून मागच्या पडवीत जाऊन बसली. मी बाबांना म्हणाले, "असं बोलतात का?" ते म्हणाले, "तिने विचारलं."

त्या दिवसापासून आईने अबोला धरला. तिचे अबोले मला माहीत होते. भांडी जरा जोरात ठेवायची, चहाचा कप समोर न देता टेबलावर आपटायचा, प्रश्नाला मान हलवायची. पूर्वी अशा अबोल्यात बाबा दुसऱ्याच दिवशी हैराण व्हायचे. तिच्या मागे मागे फिरायचे, उगीच कपाटं उघडून 'माझा चष्मा कुठे ठेवलास' विचारायचे, चष्मा डोळ्यांवर असताना. आता मात्र त्यांना काही कळतच नव्हतं. चहा मिळत होता, ते पीत होते. आई बोलत नव्हती, ते पेपर वाचत होते. आई दिवसेंदिवस गप्प राहिली आणि तिचं गप्प राहणं बाबांच्या लक्षातच आलं नाही. शेवटी ती थकून मला म्हणाली, "मी कुणाशी धरलाय अबोला? भिंतीशी?"

आम्ही पुन्हा नगरला गेलो. यावेळी डॉक्टरांनी आम्हाला एका वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. साधारण माझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि स्वतःच्या तोंडापुढे एक कागद धरला, चेहरा दिसू नये म्हणून. मग म्हणाल्या, "तो उद्या येणार आहे." हे वाक्य त्यांनी आधी आनंदाने म्हटलं, मग घाबरून, मग चिडून, मग रडवेल्या आवाजात. चारही वेळा ते वेगळंच वाक्य वाटलं.

"आता सांगा, मी कधी आनंदात होते?"

बाबा म्हणाले, "तुम्ही एकच वाक्य परत परत का म्हणताय?"

बाईंनी कागद खाली ठेवला.

त्यांनी सोप्या भाषेत समजावून सांगितलं. शब्द समजणं, शब्द जुळवून बोलणं, हे बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतं, ते बाबांचं ठीक आहे. पण आवाजातला राग, माया, थट्टा, खोच हे ओळखणं आणि स्वतःच्या आवाजात आणणं, यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. त्यांचा तोच भाग दुखावला आहे. गाण्याचंही त्यामुळेच.

"म्हणजे रागावलेले नाहीत ते?" आईने विचारलं.

"नाही. आणि तुम्ही रागावलात तर त्यांना कळणार नाही. टोमणा कळणार नाही. तुम्हाला काय वाटतंय ते शब्दांत सांगावं लागेल. राग आला तर 'मला राग आलाय' म्हणायचं. वाईट वाटलं तर तसं म्हणायचं."

"बरं होईल का हे?" मी विचारलं.

"सरावाने थोडंफार होईल. पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही."

आईने बाबांकडे पाठ करून, अगदी हळू विचारलं, "आणि आतून? आतून काही वाटतं का त्यांना, की तेही गेलं?"

बाई म्हणाल्या, "काहीजणांना सगळं वाटत असतं, आवाजात उतरत नाही इतकंच. काहींचं वाटणंसुद्धा मंद होतं. तुमच्या यजमानांचं काय आहे, हे मला इतक्यात सांगता येणार नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

परतताना माझे यजमान गाडी चालवत होते. बाबा त्यांच्या शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. मागच्या सीटवर आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "असं कसं विचारायचं गं नवऱ्याला? उभा जन्म गेला, कधी विचारलं नाही. लाज वाटते मला."

तिने विचारलं नाही. 'मला राग आलाय' एवढंही तिच्या तोंडून निघेना. एकदा मी म्हणाले, "आई, सांग ना त्यांना," तर ती म्हणाली, "सांगून कळलेलं काय कामाचं?"

अशातच शेजारच्या घरातल्या म्हातारबाई गेल्या. ज्यांनी बाबांना जीपमधून नगरला नेलं, त्यांच्याच आई. त्या वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या आणि सुनेने त्यांचं सगळं केलं होतं. ही सून आणि आमची आई म्हणजे कुंपणापलीकडची मैत्री. रोज दुपारी दोघी कुंपणाशी उभ्या राहून बोलायच्या. बाबा म्हणाले, मी भेटायला जाणार. मी तेव्हा शनिवार-रविवारी आले होते. आम्ही तिघं गेलो, बाबा काठी टेकत.

ओसरीत बरीच माणसं बसली होती. सून पदरात तोंड खुपसून रडत होती. बाबा खुर्चीवर बसले, काठी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वय झालं होतं. अंथरुणातच घाण होत होती. सुटल्या. तुम्हीही सुटलात."

तसं बघितलं तर यातला बराचसा भाग सगळेच म्हणत होते. पण ते हळू आवाजात, मान हलवत, गळा दाटून म्हणत होते. बाबांनी ते हिशेब झाल्यासारखं म्हटलं. म्हातारबाईंचा मुलगा उठून मागे गोठ्याकडे निघून गेला. सुनेने रडणं थांबवून बाबांकडे बघितलं, आणि ती नजर मला बघवली नाही. मी त्यांना कसंबसं उठवून घरी आणलं.

पुढे कुंपणाशी कुणी आलं नाही. आई दुपारी तिथे जाऊन उभी राहायची, पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकणारी सून मान वर न करता आत जायची. घरात नवऱ्याला सूर कळत नाही, बाहेर बोलायला कुणी नाही. आईचं जेवण कमी झालं. मी फोन केला की म्हणायची, "बरं आहे सगळं." ते बरं कसं होतं, ते मला नगरमध्ये बसून ऐकू यायचं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा ती भांडी घासता घासता मध्येच उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर." आम्ही शेजारी गेलो. सून अंगणात लिंबं निवडत बसली होती. 'या' म्हणाली, पण उठली नाही.

"तू माझ्याशी बोलत नाहीस," आई म्हणाली.

"बोलतीय की काकू. काय न्हाई बोलत?"

पूर्वीची आई असती तर 'कामात असशील' म्हणून परत फिरली असती. पण ती उभी राहिली.

"मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. शब्द एकेक करून, जिना उतरल्यासारखे. "तू बोलत नाहीस म्हणून मला एकटं वाटतंय. हे त्या दिवशी बोलले ते तुला लागलं, मला कळतंय. पण त्यांच्या डोक्यातला तो भाग गेलाय गं. त्यांना आवाजातलं काही कळत नाही आणि आणताही येत नाही. शब्द तेवढे राहिलेत."

सुनेने हातातलं लिंबू खाली ठेवलं. "म्हंजी? मुद्दाम न्हाई बोलले?"

"मुद्दाम नाही."

"अवं काकू, मग आदी सांगायचं न्हाई व्हय? आमचे हे तवापासून म्हनत्यात, गुरुजी आता आमाला हलकं समजाया लागले. सासू आमची हुती. घान असंल न्हाईतर काय असंल, आमी केलं. चारचौघात तेच काढलं म्हून लई लागलं जिवाला."

"लागणारच. मलाही रोज लागतं."

हे म्हणताना आईचा आवाज फुटला. सून उठली, तिने आईला धरून बाजेवर बसवलं, आत जाऊन पाणी आणलं. मी दाराशी उभी होते. माझी आई कुणापुढे 'मला वाईट वाटतंय' म्हणताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते बघताना कसंसंच होत होतं.

तेव्हापासून आईची दुपार परत कुंपणाशी जाते. तिथे ती पूर्वीसारखी बोलते. "आज आमच्याकडे साहेबांनी आमटी वाखाणली हो," असं तिने म्हटलं की सून खो-खो हसते. तिला बरोबर कळतं, की साहेबांनी वाटी परत केली.

आणि मग एका सकाळी आईने तो प्रश्न विचारला. मी बाहेरच्या खोलीत होते, दार उघडं होतं. ती बाबांच्या डाव्या हाताला तेल लावत होती. एकेक बोट उघडून, परत मिटून.

"तुम्हाला एक विचारायचंय. सरळ उत्तर द्या."

"मी सरळच देतो."

"मी तुमचं एवढं करते. तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटतं का? की आता काहीच वाटत नाही?"

बाबा विचार करत होते. आई त्यांच्या हाताकडेच बघत होती.

"तू खोलीत नसलीस की मी दाराकडे बघतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तू येईपर्यंत बघतो. त्याला काय म्हणायचं ते मला आता सांगता येत नाही. आधी येत असेल."

आईने त्यांचा हात टॉवेलने पुसला, मांडीवर ठेवला, तेलाची वाटी उचलली आणि माझ्या समोरून स्वयंपाकघरात गेली. आत नळ सुरू झाला, तो बराच वेळ सुरू राहिला. मी बाबांच्या खोलीत गेले.

"मी काही चुकीचं बोललो का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग ती उठून का गेली?"

"रडायला गेली असेल."

"दुःखाने?"

मी नळाचा आवाज ऐकत होते. "मला नक्की नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"तुला तर ऐकू येतं," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता वर्ष होऊन गेलं. बाबांचा पाय पुष्कळ सुधारला, हात अजून तसाच आहे. वाचोपचाराच्या बाईंच्या सरावाने एवढं झालं, की त्यांना आपल्याला कळत नाही हे कळायला लागलं. त्यामुळे ते विचारतात. कुणी काही म्हटलं की थांबून विचारतात, "हे तू रागाने म्हणालीस का?" आलेल्या माणसालाही विचारतात, "ही थट्टा होती का?" माणसं आधी दचकतात, मग सांगतात. शेजारचा तर आता आधीच सांगतो, "गुरुजी, चेष्टा करतुया बरं का," आणि मग चेष्टा करतो. बाबा "बरं" म्हणतात. हसत नाहीत.

आई सांगायला शिकलीय, पण तिला ते आवडत नाही. मधेच तिचा धीर सुटतो. "लहान पोरासारखं सगळं फोड करून सांगायचं, मग त्यात राहिलं काय?" असं ती मला फोनवर म्हणते. दाराकडे बघतात त्याचं तिला समाधान आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. तिने एकदा आपणहून सांगितलं, की ती हल्ली स्वयंपाकघरातून मधूनमधून बाहेर डोकावते, ते बघतायत का ते बघायला. बघत असतात. मग ती परत आत जाते.

परवा तिचा फोन आला. बाबांनी तिची धुतलेली पातळं ओली असतानाच दोरीवरून काढून घडी करून ठेवली होती, एका हाताने, काम करायचं म्हणून. सगळ्या पातळांना कुबट वास लागला.

"मी लई चिडले," ती म्हणाली. शेजारणीचा शब्द तिच्या तोंडात बसलाय. "आणि त्या नगरच्या बाईंनी सांगितलंय तसं स्पष्ट सांगितलं, मला तुमचा राग आलाय म्हणून. तर म्हणतात कसे, 'किती?'"

मला हसू आवरलं नाही. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग कसलातरी आला. आईही हसली असावी. फोनवर मला ते नीट कळलं नाही.